हेर उपग्रहाचा फोटो मोजण्याजोगा कसा होतो?

हिमालयातल्या हिमनद्यांवरच्या बातम्यांत हल्ली एक वाक्य हमखास असतं: 'अमेरिकेच्या जुन्या हेर उपग्रहांच्या फोटोंवरून बर्फाची घट मोजली.' वाचणाऱ्याला वाटतं, हेरगिरीचा कॅमेरा म्हणजे रस्त्यावरची मोटारसुद्धा दिसणार, मग मोजायला अडचण कसली? अडचण आहे, आणि चांगलीच मोठी आहे. स्पष्ट दिसणं वेगळं आणि बरोबर मोजता येणं वेगळं.

हेक्सॅगॉन केएच-९ या उपग्रहमालिकेचंच पाहा. तिच्या मुख्य टेहळणी कॅमेऱ्याचं नाभीय अंतर (साधारणपणे भिंगापासून फिल्मपर्यंतचं अंतर) सुमारे दीड मीटर होतं आणि जमिनीवरची ६०-१२० सेंटीमीटरची वस्तू त्यात ओळखता यायची. पण तो फिरत फिरत पट्टी टिपायचा. पट्टीचं एक टोक टिपून दुसऱ्या टोकापर्यंत पोचेस्तोवर उपग्रह पुढे सरकलेला असायचा. अशा चित्राची भूमिती फार किचकट होते. म्हणून १९७३ ते १९८० या काळात बारा मोहिमांवर एक वेगळा नकाशा-कॅमेरा जोडला गेला. नाभीय अंतर ३०५ मिलिमीटर, फिल्मची चौकट २३ × ४६ सेंटीमीटर, आणि जमिनीवरची स्पष्टता जेमतेम ६ ते ९ मीटर. नजरेने अधू, पण मोजायला भरवशाचा. त्याचे फोटो २००२ मध्ये खुले झाले आणि हिमनद्यांच्या अभ्यासात मुख्यतः तेच वापरले जातात.

आता आकडे मांडू. उपग्रहाची उंची साधारण १७० किलोमीटर धरली, तर फिल्मवरची १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चूक म्हणजे जमिनीवरची सुमारे साडेपाच मीटरची. जमिनीची उंची काढतात ती दोन जागांवरून टिपलेल्या फोटोंतल्या फरकावरून. लागोपाठच्या दोन फोटोंत ७० टक्के भाग सामाईक असेल, तर ते टिपण्याच्या दोन जागांमधलं अंतर उपग्रहाच्या उंचीच्या ०.४५ पट येतं. मग तीच १० मायक्रॉनची चूक जमिनीच्या उंचीच्या मापात बारा मीटरची होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिमालयातल्या सुमारे ६५० हिमनद्या तपासल्या होत्या. त्यानुसार १९७५ ते २००० या काळातली सरासरी घट वर्षाला २२ सेंटीमीटर पाण्याइतकी होती, म्हणजे पंचवीस वर्षांत साडेपाच मीटर. जे मोजायचं, त्याच्या जवळपास दुप्पट चूक एवढ्याशा सरकण्याने होते. इकडेतिकडे विखुरलेल्या चुका सरासरी काढताना एकमेकींना मारतात. सगळी फिल्म एकाच बाजूला ताणली गेली असेल, तर ती चूक सरासरीने जात नाही.

चुका दोन जातीच्या असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते.

पहिली भिंगाची. आदर्श भिंगात, अक्षाशी α कोन करून आलेला किरण फिल्मच्या मुख्य बिंदूपासून (जिथे भिंगाचा अक्ष फिल्मला भेटतो) 'नाभीय अंतर × tan α' इतक्या अंतरावर पडतो. प्रत्यक्षात थोडा आत किंवा बाहेर पडतो; हेच भिंगाचं विरूपण. हे शोधायला प्रयोगशाळेत कॅमेऱ्यासमोर ठरावीक कोनांवर कॉलिमेटर मांडतात. प्रत्येक कॉलिमेटर जणू अनंत अंतरावरून एक क्रॉस दाखवतो. फिल्मऐवजी प्रकाशसंवेदी लेप दिलेली सपाट काच बसवतात, कारण काच आकसत नाही. मग त्या काचेवरच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रॉनपर्यंत मोजतात. समजा नाभीय अंतर ३०५.००० आणि कोन ३० अंश, खूण १७६.०९२ मिलिमीटरवर हवी. ती १७६.१०४ वर सापडली, तर विरूपण १२ मायक्रॉन. असे आकडे मध्यापासून चारही कोपऱ्यांकडे घेत जायचं आणि r³, r⁵, r⁷ अशा पदांचं (r म्हणजे मुख्य बिंदूपासूनचं अंतर) सूत्र त्यांवर बसवायचं. भिंगाचे घटक एका अक्षावर नेमके बसलेले नसतील, तर त्यासाठी आणखी दोन सहगुणक लागतात. नाभीय अंतराचा अंतिम आकडाही असा निवडतात, की अधिक आणि उणे विरूपण समतोल राहील. म्हणून कॅमेऱ्याच्या तपासणी-प्रमाणपत्रातला तो आकडा आणि विरूपणाचा तक्ता जोडीनेच वापरायचे असतात. एका तपासणीतला आकडा आणि दुसरीतला तक्ता घेतला, की घात झाला. त्यात अवकाशात भिंगाच्या घटकांमधली हवाच नसते, तापमान वेगळं असतं. त्यामुळे जमिनीवरचा आकडा तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरी चूक फिल्मची. ती रिळावर ताणली जाते, धुताना फुगते, वाळताना आकसते आणि नंतर वर्षानुवर्षं डब्यात पडून राहते. लांबीत आणि रुंदीत सारखी आकसत नाही. यावरचा उपाय मला फार आवडतो. फिल्मच्या अगदी पुढे एक काच, तिच्यावर दर एक सेंटीमीटरवर बारीक क्रॉस: २३ ओळी, ४७ स्तंभ, एकूण १,०८१. प्रत्येक क्रॉसची जागा आधीच मोजलेली. प्रत्येक फोटोसोबत ही जाळी फिल्मवर उमटते आणि फिल्मबरोबरच वाकडी होते. पन्नास वर्षांनी क्रॉस मूळ जागेवर परत ओढले, की मधलं चित्रही जागेवर येतं. स्कॅनरने केलेली गडबडसुद्धा याच फटक्यात निघते. एवढी मोठी चौकट दोन तुकड्यांत स्कॅन होते. ते तुकडे जुळवायलाही हेच क्रॉस कामाला येतात. पण जाळी भिंगाच्या मागे असते, म्हणून भिंगाचं विरूपण तिला कळतच नाही. त्यासाठी वरचा तक्ताच हवा.

काम असं चालतं. नमुना क्रॉस चित्रावर फिरवून संगणक प्रत्येक खूण पिक्सेलच्या अंशापर्यंत शोधतो. जिथे जमिनीची छटा क्रॉससारखीच असते, तिथे खूण हरवते. तिची जागा शेजारच्या खुणांवरून काढतात. मग चित्र सरळ करून क्रॉस बुजवावे लागतात. हे विसरलं तर पंचाईत: क्रॉस प्रत्येक फोटोत त्याच जागी असतात, त्यामुळे दोन फोटो जुळवताना संगणक क्रॉसला क्रॉस जुळवतो आणि डोंगरात नसलेले खड्डे-उंचवटे उगवतात.

अपोलो मोहिमांच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यांतही असे २५ क्रॉस होते. काही फोटोंत ते पांढऱ्या वस्तूंच्या 'मागे' गेलेले दिसतात, म्हणून चंद्रावर कुणी गेलंच नाही, असे संदेश आजही फिरतात. अतिउजळ पांढरा भाग फिल्मवर पसरतो आणि बारीक काळी रेघ गिळतो, एवढंच त्यामागचं कारण. मोजमापाच्या खुणेला फसवणुकीचा पुरावा ठरवणं निव्वळ अडाणीपणा आहे.

केएच-९ वर आणखी दोन कॅमेरे आकाशाकडे रोखलेले होते. ताऱ्यांच्या जागा ठाऊक असल्याने, त्या क्षणी नकाशा-कॅमेरा नेमका कुठे तोंड करून होता, हे त्यांवरून काढता यायचं. अर्थात तारे-कॅमेरा आणि नकाशा-कॅमेरा यांच्यातला कोन आधी पक्का मोजलेला हवा. त्यात एका विकलेची, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागाची चूक फिल्मच्या मध्याशी दीड मायक्रॉनची होते.

गावठाण मोजणारे ड्रोनही या नियमांतून सुटत नाहीत. सपाट गावावर सगळे फोटो सरळ खाली बघून एकाच उंचीवरून काढले, तर विरूपणाचा आकडा थोडा चुकला तरी उंचीच्या नकाशात सबंध गाव घुमटासारखं फुगतं किंवा परातीसारखं खोलगट होतं. आडव्या फेऱ्या, दोन उंच्या आणि २०-३० अंश तिरके फोटो घेतले, की संगणकाला विरूपण आणि जमीन वेगळी करता येतात. फोकस मात्र उड्डाणभर बांधलेला हवा.

हिमनदीच्या उंचीच्या नकाशाची परीक्षा हिमनदीच्या परिसरातच होते, पण बर्फावर नाही. आजूबाजूचे उघडे खडक पन्नास वर्षांत हललेले नसतात. जुना आणि नवा उंचीचा नकाशा एकमेकांतून वजा केला, की तिथे शून्य यायला हवं. तिरका उतार आला तर कॅमेऱ्याची दिशा चुकली, परातीचा आकार आला तर भिंगाचा तक्ता किंवा नाभीय अंतर चुकलं, लाटा दिसल्या तर फिल्मच्या दुरुस्तीत काही राहिलं. खडकांवरचा फरक शून्याच्या आसपास आल्यावरच बर्फाकडे वळायचं.