लाल टोपीमागचं हिरवं दार

चित्रकार व्हॅन गॉगचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, डिजिटॅलिस या औषधाने त्याला सगळं पिवळं दिसायचं, म्हणून त्याचे रंग तसे. हे औषध त्याला दिल्याचा ठोस पुरावा नाही. शिवाय नजरच पिवळी असती, तर समोरचा माणूस आणि पॅलेटवरचा रंग दोन्ही सारखेच पिवळे दिसले असते. मग चित्रात फरक कुठून पडणार? ही गोष्ट पसरते, आणि त्याचा खरा अभ्यास झाकला जातो.

जून 1888 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी त्याने एका झुआव्हचं, म्हणजे फ्रेंच पायदळातल्या सैनिकाचं, अर्धचित्र रंगवलं. एनॅमलच्या भांड्यांसारखा निळा गणवेश, छातीवर दोन लिंबूपिवळे तारे, शेजारी नारिंगी विटा. लाल टोपी मात्र नेमकी हिरव्या दारासमोर!

ती टोपी एवढी का पेटते, याचा धागा गोबलँ या पॅरिसमधल्या भिंतपडदे विणणाऱ्या कारखान्याच्या रंगशाळेत सापडतो. तिथल्या काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ शेव्रलने तपासलं, तर रंगात खोट नव्हती; शेजारचे रंग काळ्याला फिकं करत होते. 1839 मध्ये त्याने यावर ग्रंथच लिहिला.

कारण आपल्या डोळ्यातच आहे. दृष्टिपटलावर रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, पण मेंदूकडे त्यांचे संदेश सुटे जात नाहीत, वजाबाकी होऊन जातात: लाल वजा हिरवा, निळा वजा पिवळा. पुढे मेंदूतल्या काही पेशी शेजारच्या भागाचीही वजाबाकी करतात. त्यामुळे लालाशेजारचा करडा हिरवट वाटतो. तिथे मुळातच हिरवा असेल, तर तो आणखी गडद होतो, आणि उलट लालालाही चढवतो.

पण शेजारच्या रंगांचे ठिपके बारीक झाले की डोळा त्यांची सरमिसळ करतो आणि लाल-हिरव्याचा मातकट करडा होतो. शेव्रलने हे धाग्यांत पाहिलं होतं. म्हणून फटकाऱ्याची रुंदी महत्त्वाची. व्हॅन गॉग रंगाचे मोठे सलग पट्टे जाड थरात लावतो, एकमेकांत घोटत नाही. कडा शाबूत राहते, आणि वजाबाकी कडेवरच सर्वांत जोरात होते.

चित्राची चांगली प्रत मिळाली, तर करड्या कागदाने हिरवं दार झाका. टोपीचा लाल तिथल्या तिथे उतरतो. कागद काढा, पुन्हा पेटतो.