भाडे-संप

एका मालकाच्या किंवा एका वस्तीतल्या भाडेकरूंनी आपसात ठरवून, मागण्या जाहीर करून भाडं अडवून धरणं म्हणजे भाडे-संप. मागणी कधी भाडं उतरवायची असते, कधी दुरुस्तीची, कधी कुणाला घराबाहेर काढू नका एवढीच. एकट्याने भाडं थकवलं तर ती साधी थकबाकी, तिचा विचार इथे नाही.

सुरुवात कुठून धरायची यावर अभ्यासकांचं जमत नाही. एक मत असं की आयर्लंडमधली कुळांची चळवळ हाच पहिला मोठा भाडे-संप. तिथे १८७९ मध्ये लँड लीग ही कुळांच्या हक्कांसाठीची संघटना स्थापन झाली, १८८० मध्ये कॅप्टन बॉयकॉट नावाच्या इस्टेट एजंटाला आख्ख्या भागाने वाळीत टाकलं आणि ऑक्टोबर १८८१ मध्ये लीगचा अध्यक्ष पार्नेल आणि मंडळींनी तुरुंगात असतानाच 'खंड देऊ नका' असा जाहीरनामा काढला. तो फसला, कारण पुढारी आत, बरेचसे धर्मगुरू विरोधात, आणि त्याच वर्षीच्या जमीन कायद्याने वाजवी खंड कोर्टाकडून ठरवून घ्यायची सोय केली होती, मग कुळं तिकडे वळली. शिवाय भांडण शेतजमिनीच्या खंडाचं, राहत्या खोलीच्या भाड्याचं नव्हे, म्हणून याला पूर्वज म्हणणं ठीक, पहिला संप म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं.

दुसरं मत न्यूयॉर्कचं. लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या इमारतींत १९०४ मध्ये आणि परत १९०७-०८ च्या हिवाळ्यात संप झाले. राहणारे मुख्यतः ज्यू स्थलांतरित, बरेचजण शिवणकामाच्या धंद्यात, त्यामुळे युनियनची सगळी रीत, म्हणजे पिकेटिंग, मागण्यांची यादी, फुटणाऱ्याला नावं ठेवणं, हे सगळं कारखान्यातून थेट जिन्यावर आलं. दुसऱ्या संपाची पुढारी पॉलिन न्यूमन, तीही कपडे शिवणारी कामगार पोरगीच. याच १९०७ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड असलेल्या वाड्यांनी ३० टक्के कपात मागितली आणि बायका-मुलं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली, म्हणून त्याला झाडूंचा संप असंही म्हणतात. तेव्हा शहरी भाडे-संप एकाच गावात जन्मला असं म्हणण्यापेक्षा जिथे स्थलांतरित कामगार, दाटी आणि युनियन एकत्र आले तिथे तो उगवला, हेच जास्त पटणारं.

ग्लासगोच्या १९१५ च्या संपाला पहिला म्हणायची पद्धत आहे, ते अर्थातच बरोबर नाही, पण कायद्यावर परिणाम बघितला तर त्याच्या जवळपास जाणारं दुसरं उदाहरण नाही. युद्धामुळे जहाजं आणि दारूगोळ्याच्या कामाला माणसं आली, घरं तेवढीच, मालकांनी भाडी चढवली. गोव्हन भागात मेरी बार्बर आणि बाकीच्या बायकांनी जिन्या-जिन्याला समित्या केल्या, घर खाली करायला आलेला कोर्टाचा बेलिफ दिसला की घंटा वाजायची, सगळ्या जमायच्या, आणि त्याच्या अंगावर पीठ फेकल्याचेही उल्लेख आहेत. नोव्हेंबरपर्यंत आकडा २०,००० च्या वर गेला असं साधारण मानतात. १७ नोव्हेंबरला १८ भाडेकरूंचा खटला होता, गोदी कामगार काम टाकून कोर्टापुढे जमले, खटला मागे घेतला गेला आणि डिसेंबरमध्ये पार्लमेंटने भाडी युद्धापूर्वीच्या पातळीला बांधून टाकणारा कायदा केला. कायदा तात्पुरता होता, पण भाडेनियंत्रण या ना त्या रूपात तिथे पुढे कित्येक दशकं टिकलं.

आता कायद्याची गोम. इंग्रजी वळणाच्या जुन्या कायद्यात भाडेपट्टा म्हणजे जणू जमिनीतल्या हक्काची विक्रीच, त्यामुळे मालकाचं दुरुस्तीचं वचन आणि भाडेकरूचं भाड्याचं वचन एकमेकांपासून सुटे धरले जायचे, छप्पर गळतंय तरी भाडं भराच, दुरुस्तीसाठी वेगळा दावा लावा. म्हणून संपाचा कायदेशीर पाया फार कच्चा होता. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने १९७० मध्ये जॅव्हिन्स खटल्यात हे उलटवलं, घर राहण्यालायक ठेवणं ही करारात धरलेलीच अट आहे आणि ती मोडली तर भाड्याच्या दाव्यात तो बचाव होऊ शकतो. न्यूयॉर्कमध्ये तर १९६५ पासूनच इमारतीतले एक तृतीयांश भाडेकरू अर्ज करून भाडं कोर्टात जमा करून त्यातून दुरुस्ती करून घेऊ शकत होते. ही सगळी वाट खराब घराची, नुसतं भाडं जास्त आहे म्हणून अडवलं तर हा बचाव कामाला येत नाही, ही गोष्ट उत्साहात विसरली जाते.

संघटनेत सगळ्यात नाजूक भाग पैशाचा. पैसे घरोघरी राहिले की खर्च होतात आणि महिन्या-दोन महिन्यांत माणसं गळायला लागतात, त्यामुळे ते एकत्र ठेवणं आलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या को-ऑप सिटी या गृहसंकुलात १५,००० हून जास्त फ्लॅट होते, तिथे १९७५-७६ मध्ये १३ महिने संप चालला, रहिवाशांचे चेक समितीने गोळा करून लपवून ठेवले आणि शेवटी कॉम्प्लेक्सचा कारभारच रहिवाशांच्या हातात आला. हे रहिवासी कागदोपत्री सहकारी सभासद, म्हणून काहीजण याला भाडे-संप धरत नाहीत, पण रीत सगळी तीच.

मालक सरकारच असेल तर मामला थेट राजकीय होतो. सेंट लुईसच्या सरकारी घरांमधल्या १९६९ च्या संपानंतर त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने अशा घरांचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर रोखलं. दक्षिण आफ्रिकेत १९८४ मध्ये व्हाल भागात भाडेवाढीवरून उठाव झाला, १९८६ पासून सोवेटोतही भाडं बंद झालं आणि १९९० च्या करारात थकबाकी माफ झाली. तिथे भाडं हे वर्णद्वेषी राजवटीने नेमलेल्या स्थानिक कौन्सिलांना द्यायचं होतं, तेव्हा हा घराचा लढा की सत्तेचा, असा फरक करणं जड जातं.

संपाऐवजी वाटाघाटीचीही एक वाट आहे. स्वीडनमध्ये भाडेकरूंची देशव्यापी संघटना १९२३ पासून आहे, आणि १९७८ च्या कायद्याने भाडं ठरवताना तिच्याशी वाटाघाटी करण्याची चौकट पक्की केली.