जवळची वाट लांब पडते तेव्हा

जून 2023 मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे मगदानला उतरलं. मगदान म्हणजे रशियाचं अतिपूर्वेकडचं, ओखोत्स्क समुद्रावरचं एक गाव. कॅलिफोर्नियाला निघालेलं विमान तिथे कसं, हा प्रश्न भिंतीवरचा नकाशा बघूनच पडतो. पृथ्वीगोल घ्या आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो दिल्लीहून जवळपास उत्तरेलाच निघतो, आर्क्टिक महासागरावर 75 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. लांबी भरते साधारण 12,400 किलोमीटर. 'विमानतळांमधलं अंतर' म्हणून जो आकडा सांगतात, तो हाच.

विमान मात्र या दोऱ्यावरून जात नाही. पहिली अडचण तिबेटची. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला झटपट दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं. प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे जवळपास पंधरा हजार फुटांवर. उतरणार कुठे?

खरा खेळ वाऱ्याचा आहे. एअर इंडियाची ही सेवा डिसेंबर 2015 मध्ये सुरू झाली ती युरोप आणि अटलांटिकवरून. ती वाट सुमारे 13,900 किलोमीटरची. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने विमान उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं 15,300 किलोमीटर, म्हणजे तब्बल 1,400 किलोमीटर जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर! भागाकार करून पाहा: ताशी सरासरी 1,050 किलोमीटरच्या वर. हे बोइंग 777 स्थिर हवेत ताशी 900च्या आसपास उडतं. वरचा वेग वाऱ्याने दिला.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे 'जेट स्ट्रीम'. हिवाळ्यात जपानच्या आसपास त्यांचा वेग ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने 1920च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. जगाला कळावं म्हणून त्याने अहवाल एस्परांतो या सगळ्या जगासाठी बनवलेल्या कृत्रिम भाषेत छापला, आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही.

पृथ्वी खालून फिरते म्हणून एका दिशेला वेळ कमी लागतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. जमिनीबरोबर हवाही फिरत असते. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो आडून: विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा त्यामुळे पूर्वेकडे वळते आणि हे वारे तयार होतात. मुंबईहून लंडनला जाताना परतीपेक्षा तासभर जास्त लागतो, तो यांच्यामुळेच.

वारा रोज जागा बदलतो, म्हणून दोन शहरांमधली हवाई वाटही रोज नव्याने आखतात. त्यात कधी राजकारणही आडवं येतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मग इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. गोलावरचा दोरा होता तेवढाच राहिला, तिकिटावरचे तास तेवढे वाढले.