नऊ अक्षरांचा कान-नाक-घसा

‘ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी’ हे कान-नाक-घशाच्या वैद्यकाचं पूर्ण नाव. त्यात ग्रीकमधले चार तुकडे आहेत. ‘ओटो’ म्हणजे कान, ‘ऱ्हायनो’ नाक, ‘लॅरिंगो’ स्वरयंत्र आणि शेवटी शास्त्रवाचक ‘लॉजी’. अर्थ कळायला ही फोड पुरते, उच्चाराला पुरत नाही. जीभ अर्थ पाहत नाही, स्वर पाहते. जितके स्वर तितकी अक्षरं: ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-ल-जी.

इंग्रजीत यातला मुख्य आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर, म्हणजे ‘गॉ’वर पडतो. ‘लॉजी’, ‘ग्राफी’, ‘मेट्री’ने संपणाऱ्या शब्दांची हीच रीत. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर असतो, ‘फोटोग्राफी’ म्हणताच तो ‘टॉ’वर सरकतो आणि पहिला ‘फो’ आखडून नुसता ‘फ’ उरतो. मराठीत असा ठसठशीत आघात नाही, म्हणून आपण सगळी अक्षरं सारख्याच इमानाने म्हणतो. त्यात बिघडत काही नाही.

‘ग’ मात्र सांभाळायचा. ‘लॅरिंगॉलॉजी’त ‘ग’, पण स्वरयंत्राच्या दाहाला ‘लॅरिंजायटिस’. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘ग’च होता. इंग्रजीत अशा शब्दांमध्ये ‘जी’पुढे ‘आय’ किंवा ‘ई’ आलं की त्याचा ‘ज’ होतो.

आणि तो ‘ऱ्ह’? प्राचीन ग्रीकमध्ये शब्दारंभीचा ‘र’ हकार घेऊन येई. रोमनांनी तो दाखवायला ‘आर’पुढे ‘एच’ लिहिलं. इंग्रजीने ‘एच’ ठेवलं, हकार सोडला, म्हणून आजचा उच्चार ‘रायनो’. ‘तऱ्हा’ आणि ‘ऱ्हास’ म्हणणाऱ्या मराठी जिभेला जुना उच्चार उलट सोपा जावा. ‘फ’चंही तसंच. अभिजात ग्रीकमधला ‘फ’ ओठ मिटून, ‘फळ’मधल्यासारखा उच्चारत, इंग्रजी ‘एफ’सारखं त्याचं घर्षण नंतरचं.

अर्थाचा सांधा आणि उच्चाराचा सांधा यांची खरी फारकत ‘हेलिकॉप्टर’मध्ये दिसते. 1861 मध्ये फ्रान्सच्या पाँतों दामेकूर यांनी घडवलेल्या शब्दावरून तो आला. त्यात ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टेर’ म्हणजे पंख. पण इंग्रजी जिभेला अक्षराच्या सुरुवातीला ‘प्ट’ चालत नाही. ‘प्ट’नेच सुरू होणाऱ्या ‘टेरोडॅक्टिल’ (नामशेष उडता सरीसृप) या शब्दात तर तिने ‘प’ गिळूनच टाकला. इथे मागे स्वर होता, ‘प’ त्याला चिकटला आणि हे-लि-कॉप्-टर झालं. लोकांनी मग ‘हेलि’ हाच अर्थाचा तुकडा धरला, त्याला ‘पॅड’ नि ‘पोर्ट’ जोडले. हेलिपॅडमध्ये मळसूत्र अर्धंच उरलं, पंख तर नाहीच.