घरातली थायरॉइडची गोळी मांजराला चालत नाही

मांजराला थायरॉइड निघाला की नाशिकमध्ये हमखास सल्ला मिळतो: ‘आईची गोळी आहेच घरी, चतकोर द्या.’ देऊ नका. थायरॉइडचा त्रास असला की माणसांत बहुतेकदा ही गळ्यातली ग्रंथी मंदावते, म्हणून तिचं हार्मोन, म्हणजे थायरॉक्सिन, बाहेरून देतात. म्हाताऱ्या मांजरात ती जवळजवळ नेहमी जास्त काम करते. खाणं वाढतं, वजन घटतं, हृदय धावतं. त्यात थायरॉक्सिन म्हणजे आगीत तेल.

दुसरा घोळ रिपोर्टचा. कॉलेज रोड काय, सिडको काय, माणसांच्या लॅबमध्ये रक्त दिलं तर कागदावर माणसांचीच मर्यादा छापून येते: एकूण टी-४ (रक्तातलं थायरॉक्सिन) साधारण ५ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. मांजराची वरची मर्यादा ४ च्या आसपास. म्हणजे ७ आकडा ‘नॉर्मल’ दिसतो आणि मांजर चांगलंच आजारी असतं.

मांजराचं औषध मेथिमॅझोल, ते ग्रंथीचं जास्तीचं काम आवरतं; सुरुवात बहुधा १.२५ ते २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पशुवैद्य ठरवतील तशी. गोळी कुटू नका, हातमोजे घाला. गरोदर बाईने तर हातच लावू नये. २-३ आठवड्यांनी टी-४, रक्तपेशी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) तपासा, कारण थायरॉइड उतरला की झाकलेला किडनीचा आजार उघडा पडतो. तोंड खाजवून सोललं किंवा उलट्या थांबेनात, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.