तांबड्या-पांढऱ्याच्या आधीचे अळणी

कोल्हापूर म्हटले की तांबडा आणि पांढरा रस्सा डोळ्यांसमोर येतो. पण हे दोन्ही रस्से ज्या एकाच पातेल्यातून निघतात, त्यातल्या अळणीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. हळद, मीठ, आले आणि लसूण लावून मटण शिजवले की जे पाणी तयार होते, त्याला इथे अळणी म्हणतात. अलीकडे त्याला ‘अळणी सूप’ असेही म्हटले जाते. कोशात अळणी म्हणजे बिनमिठाचे. कोल्हापुरात मात्र त्यात मीठ असते, नसते ती चटणी. आणि चटणी म्हणजे कांदा, लसूण व मसाले घालून केलेले लाल तिखट, हेही परगावच्या पाहुण्याला वेगळे सांगावे लागते.

‘सूप’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला असला, तरी संस्कृतातही सूप आहेच. तिथे त्याचा अर्थ डाळीचे कालवण, आणि स्वयंपाक्याला सूपकार म्हणत. दोन्ही शब्दांचे साम्य कोल्हापूरच्या बाबतीत सोयीचे ठरते, कारण इथल्या सूपाची पाळेमुळे इंग्रजी अमलाच्या फार मागे जातात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मांसाचे अनेक पदार्थ दिलेले आहेत, आणि त्यांत मिरची अर्थातच कुठे नाही. कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या मार्फत मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरेपर्यंत तिखटपणाची मुख्य भिस्त मिरे आणि आल्यावर होती. त्यामुळे आज कोल्हापूरची ओळख ठरलेला लाल तवंग हा इथल्या चवीचा नंतरचा थर आहे, आणि मिरे, लवंग, दालचिनीवर उभा असलेला पांढरा रस्सा त्या जुन्या वळणाला अधिक जवळचा आहे, असे मला वाटते. नारळ मात्र घाटावरचा नव्हे. तो गगनबावडा, फोंडा, आंबा अशा घाटांनी कोकणातून वर येत राहिला.

पांढरा रस्सा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जन्मला, असे गावात सर्रास सांगितले जाते. खसखस, काजू आणि नारळाचे दूध एकाच पातेल्यात घालणे सुखवस्तू घरालाच परवडावे, एवढ्यापुरते ते पटण्यासारखे आहे. अळणीला मात्र राजवाड्याची गरज नव्हती. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) कुस्तीला राजाश्रय मिळाला, पेठापेठांत तालमी गजबजल्या आणि १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले. मेहनत करून आलेल्या मल्लाला दूध, तूप आणि थंडाईइतकेच मटणाचे पाणी लागत असे. घरात ते बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला आणि दात येऊ लागलेल्या पोराला भातावर घालून दिले जाई. आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी पंचगंगेचे नवे पाणी घेऊन पी-ढबाक या वाद्यांच्या तालावर त्र्यंबोली देवीला जाण्याची प्रथा आहे, आणि या दिवसांत गल्लोगल्ली चुली पेटल्या की पहिली वाटी अळणीचीच असते.

आमच्या घरात ते शिकवण्याचे काम आजीचे होते, आणि तिच्या शिकवण्यात माप नावाची गोष्ट नव्हती. तुपात कांदा परतून त्यात हळद-मीठ चोळलेले मटण घालायचे, आणि लगेच पाणी न ओतता ते स्वतःच्याच पाण्यात आटू द्यायचे. मग पातेल्यावर खोलगट ताट झाकून त्यात पाणी घालायचे. ताटातले पाणी कढत झाले की तेच आत ओतायचे आणि ताट पुन्हा भरायचे. थंड पाणी घातले तर मटण आखडते, असे ती म्हणे. तासा-दीड तासाने हाडांभोवतीच्या चिवट भागाचे जिलेटिन पाण्यात उतरते आणि पळीला किंचित चिकटपणा येतो. आजीला जिलेटिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण बोटे एकमेकांना चिकटली की ‘झालं’ असे ती सांगत असे. पुढे अर्धे पाणी चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात जाई, तर अर्धे तीळ, खसखस आणि नारळाच्या दुधात. मी पहिल्यांदा पांढरा रस्सा केला तेव्हा खळखळणाऱ्या अळणीत नारळाचे दूध एकदम ओतले आणि ते फुटून त्याच्या गुठळ्या वर तरंगल्या. आजीने पातेले खाली उतरवले, काही न बोलता त्यात चटणी घातली आणि त्या दिवशी दोन्ही रस्से तांबडेच झाले.

१९६० नंतर हळूहळू कुकर घरोघरी आला आणि ताटातल्या पाण्याची पद्धत मागे पडली. कुकरमध्ये मटण लवकर शिजते, पण आटणे नसल्यामुळे पाणी पातळ राहते. म्हणून शिट्ट्या झाल्यावर झाकण काढून अळणी पुन्हा मंद आचेवर ठेवावे लागते. आमच्याकडे त्यासाठी अजून तेच खोलगट ताट वापरात आहे, आणि त्याच्या तळाशी पाण्याच्या क्षारांचे पांढरे वर्तुळ कायमचे बसलेले आहे.