स्ट्रॅगलर आणि लॅगार्ड: मागे राहणाऱ्यांची दोन नावे

समूहाबरोबर चालताना मागे पडणाऱ्यांसाठी इंग्रजीत शब्दांची वानवा नाही. ब्रिटनमध्ये अशा माणसाला स्लोकोच म्हणतात, अमेरिकेत स्लोपोक, आणि वाटेत उगाच रेंगाळणारा तो डॉडलर. विज्ञानाच्या परिभाषेत मात्र लॅगार्ड आणि स्ट्रॅगलर हे दोन शब्द विशेष रुळले आहेत. लॅगार्ड म्हटले की मागे राहण्याचे खापर त्या माणसावरच फुटते. स्ट्रॅगलर हा शब्द तो समूहापासून सुटला एवढेच सांगतो आणि का सुटला, हा प्रश्न मोकळा ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या मालवाहू जहाजांच्या ताफ्यांत हा शब्द रोजच्या वापरात होता. इंजिनातील बिघाडामुळे किंवा वादळामुळे ताफ्यापासून मागे पडलेले जहाज म्हणजे स्ट्रॅगलर, तर ताफा सोडून पुढे निघून गेलेले ते रॉम्पर. दोघांनाही रक्षक नौकांचे संरक्षण उरत नसे आणि जर्मन पाणबुड्यांना ती आयतीच सापडत.

या शब्दाचा मला सर्वांत वेधक वाटणारा वापर खगोलशास्त्रात झाला आहे. 1953 मध्ये अ‍ॅलन सँडेज यांना एम 3 या गोलाकार तारकागुच्छात काही विसंगत तारे आढळले. अशा गुच्छातील बहुतेक तारे साधारण एकाच काळात जन्मलेले असतात. त्यांतील अधिक वस्तुमानाचे, तप्त, निळसर तारे आपल्या गाभ्यातील हायड्रोजन लवकर संपवतात आणि फुगून तांबडे राक्षसी तारे होतात. एम 3 चे वय हजार कोटी वर्षांहून अधिक असल्यामुळे तेथील तेजस्वी निळ्या ताऱ्यांनी ही अवस्था केव्हाच ओलांडायला हवी होती, तरीही काही तारे निळे आणि तेजस्वीच राहिलेले दिसत होते. उत्क्रांतीच्या वाटेवर सोबत्यांच्या मागे राहिलेल्या या ताऱ्यांना ब्लू स्ट्रॅगलर हे नाव मिळाले. आज त्यांचे स्पष्टीकरण असे दिले जाते की जोडताऱ्यांपैकी एक तारा दुसऱ्याचे द्रव्य ओढून घेतो किंवा दोन तारे एकमेकांत मिसळतात. वस्तुमान वाढते, गाभ्याला नवे इंधन मिळते आणि म्हातारा तारा पुन्हा तरुण दिसू लागतो. म्हणजे हे तारे मंद नसतात, त्यांना उशिरा नवी शिदोरी मिळालेली असते.

संगणकशास्त्रात कारणे अधिक रुक्ष आहेत. हजारो यंत्रांवर वाटून दिलेले काम शेवटच्या यंत्राचा भाग पूर्ण होईपर्यंत संपत नाही, आणि एखाद्याची डिस्क सदोष असेल तर बाकी सारी यंत्रे त्याच्यासाठी खोळंबतात. गूगलच्या जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी 2004 मध्ये मॅपरिड्यूस या काम वाटून देणाऱ्या प्रणालीवरील शोधनिबंधात अशा यंत्राला स्ट्रॅगलर म्हटले आणि उपायही मांडला: काम संपत आले की उरलेल्या तुकड्यांची दुसरी प्रत इतर यंत्रांकडे सोपवायची आणि जी आधी पूर्ण होईल ती स्वीकारायची. ही सोय बंद ठेवून पाहिली, तेव्हा त्यांच्या चाचणीतील क्रमवारी लावण्याच्या कामाला 44 टक्के अधिक वेळ लागला.

लॅगार्ड हा शब्द समाजशास्त्रात रूढ केला तो एव्हरेट रॉजर्स यांनी, 1962 मध्ये. नवी गोष्ट स्वीकारण्याच्या क्रमानुसार त्यांनी लोकांचे पाच गट पाडले आणि सर्वांत शेवटच्या 16 टक्क्यांना हे नाव दिले. त्यांच्या विवेचनाला आधार होता आयोवातील शेतकऱ्यांनी संकरित मक्याचे बियाणे कसकसे स्वीकारले, याच्या 1943 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा. या शेवटच्या गटाची आर्थिक स्थिती बेताची असते आणि नवा प्रयोग फसला तर सावरणे कठीण जाते, म्हणून तो अतिशय सावध राहतो, हे खुद्द रॉजर्स यांनीच नोंदवले आहे. हे कारण ठाऊक असताना त्या गटाला आळशीपणाची छटा असलेले नाव चिकटावे, हे मला अन्यायाचे वाटते. तेथे स्ट्रॅगलर हाच शब्द अधिक शोभला असता.